व्हर्च्युअल मशीनमधील रिकामी मेमरी होस्टला परत कशी द्यावी?

प्रश्न : केव्हीएमवरील (लिनक्समधील व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या सोयीवरील) व्हर्च्युअल मशीनला मी १६ जीबी मेमरी दिली आहे. मोठे काम संपल्यावर मशीनच्या आत बरीच मेमरी मोकळी दिसते, परंतु होस्टवर, म्हणजे हे मशीन ज्यावर चालते त्या मूळ संगणकावर, ती वापरातच दिसते. असे का होते?

उत्तर : व्हर्च्युअल मशीनमधील प्रोग्रॅमने सोडलेली मेमरी ही त्या मशीनच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) हिशेबात मोकळी होते, होस्टला मात्र, कोणी कळवल्याशिवाय, एकदा वापरलेले पान (मेमरीचा छोटा ठरावीक तुकडा) पुन्हा निरुपयोगी झाले आहे हे समजण्याचा मार्ग नसतो. जुना उपाय बलूनचा आहे : मशीनमधील ड्रायव्हर पाने अडवून ती होस्टच्या स्वाधीन करतो, पण किती पाने अडवायची हे बाहेरून ठरवावे लागते आणि अंदाज चुकल्यास मशीनच मेमरीअभावी अडचणीत येते. म्हणून आपण ‘फ्री पेज रिपोर्टिंग’ (मोकळी पाने होस्टला आपोआप कळवण्याची सोय) वापरावे, असे मी आग्रहाने सुचवेन. लिनक्स ५.७ आणि क्यूईएमयू (होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) ५.१ पासून (दोन्ही २०२० मधील) ही सोय उपलब्ध असून, व्हर्चिओ बलून या मशीनच्या आभासी उपकरणाच्या व्याख्येत ती चालू करावी लागते. त्यानंतर मशीन मोकळ्या पानांचे मोठे सलग गट स्वतःहून कळवत राहते. फाइलींच्या कॅशेने (पुन्हा लागतील म्हणून ठेवलेल्या प्रतींनी) व्यापलेली मेमरी मात्र मोकळी गणली जात नाही, त्यामुळे ती परत येणार नाही. मशीनला होस्टचे पीसीआय उपकरण (उदा. ग्राफिक्स कार्ड) थेट जोडले असल्यास पाने होस्टवर जखडलेली राहतात आणि हा उपाय लागू पडत नाही.