आधी पाइप, मग झाडं

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. कंपनीची 2030 सालची पर्यावरण आणि समाजाविषयीची उद्दिष्टं लिहायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. साहेबांना पालघरमध्ये झाडं लावायची आहेत, एका तलावातला गाळ काढायचा आहे, आणि प्लांट तर तिथून लांब, नवी मुंबईजवळच्या तळोज्यात. 'सर, यातलं करायचं काय आणि नुसतं दाखवायचं काय, हेच कळेनासं झालंय,' असं तू लिहितेस. अगं, एवढा प्रश्न पडला हेच खूप झालं.

माझं सांगणं एकच आहे. आधी पाइप, मग झाडं. आपल्या भिंतीबाहेर जे पाणी, जो धूर जातो, त्याचा हिशोब पहिल्या पानावर हवा. बाकीचं नंतर.

कायद्याचंही हेच म्हणणं आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 तू वाचलंच असशील. मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या समाजकार्यावर, तेही आधी आजूबाजूच्या भागाचा विचार करून. पण जे दुसऱ्या कायद्याने करावंच लागतं, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे ईटीपी, आपला सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, चालवणं हे समाजकार्य नव्हे, ती प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातली अट आहे. आणि पालघरच्या झाडांनी तळोज्याचं पाणी स्वच्छ होत नाही.

एकदा रात्रपाळीला ईटीपीवर जा. एअरेशन टाकीतलं, म्हणजे जिथे हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववतात तिथलं, पाणी लिटरभराच्या काचेच्या सिलिंडरमध्ये भर आणि अर्धा तास हात लावू नकोस. तपकिरी गाळ खाली बसला, वर नितळ पाणी राहिलं, ओल्या मातीसारखा वास आला, तर जिवाणू खाऊनपिऊन सुखी आहेत. गाळ काळा आणि वास सडक्या अंड्यांचा असेल, तर कुणीतरी वीज वाचवायला हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवतंय. लॉगबुकात तो चोवीस तास चालूच असतो. म्हणून ब्लोअर खरोखर किती तास चालला ते दाखवणारा अवर मीटर वाच आणि लॉगबुकाशेजारी ठेव. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण जिरवायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा, लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आत असल्याचा रिपोर्ट सकाळी अकराच्या नमुन्याचा असतो. पहाटे तीनचा नमुना कोण घेतं?

दुसरी पळवाट म्हणजे 'उलाढालीच्या दर रुपयामागे उत्सर्जन'. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या बीआरएसआर या पर्यावरण-समाज अहवालात हा आकडा द्यावा लागतो, जरूर दे. पण मालाचा भाव वाढला की कोळसा तेवढाच जाळूनही तो सुधारतो. एकूण आकडा आणि मालाच्या टनामागचा आकडा त्याच ओळीत, त्याच टाइपात छाप.

आणि गावकऱ्यांना शाळेचे बाक देण्याआधी त्यांना काहीतरी विचार. ऑगस्ट 2017 मध्ये कारखान्याच्या रंगाने तळोज्यातली भटकी कुत्री निळी झाली, तेव्हा जगभर फोटो गेले. तिथल्या कासाडी नदीत मासळी मिळत नाही म्हणून कोळी त्याआधीपासून ओरडत होते, त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत. पाण्याला वास कधी येतो, रंग कधी बदलतो, हे काठावरच्या कोळणीला तुझ्या शिफ्ट इनचार्जपेक्षा चांगलं ठाऊक असतं. तिच्याशी बोलायला सीएसआरचं बजेट लागत नाही.

मला कंपनीत अडेलतट्टू म्हणायचे. खोट्या लॉगबुकावर सही केली नाही म्हणून बढती अडली. मग राजीनामा का नाही दिलात, असं अजूनही लोक विचारतात. नाही दिला, कारण माझ्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी सही करणारा बसला असता. मी होतो तोवर ब्लोअर रात्री चालला. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. खंत एवढीच की ते खरे आकडे छापील अहवालात कधी आले नाहीत. तो माझ्या हातातच नव्हता. तुझ्या हातात आहे. म्हणून इतकं चिडून लिहितोय.

झाडं लावूच नका, असं मी म्हणत नाही. वडा-पिंपळाची सावली मलाही हवी आहे. पण आधी पाइप.

मसुदा पाठवशील तेव्हा रंगीत स्लाइड नकोत. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याची मीटर रीडिंगं, गेल्या वर्षभराची, महिन्यावार. ती साहेब देत नसतील तर तसंही लिही, मग त्यांच्याकडून कशी काढायची ते बोलू. रविवारी मुलुंडला घरीच आहे, जेवायलाच ये.

तुझा,
सर