नाच शिकवायचाय, पण स्टेप्स नाही

प्रश्न : ताई, मी तिसरीच्या वर्गाला शिकवते आणि यंदा आठवड्यातून एक तास क्रिएटिव्ह डान्सचा (म्हणजे ठरलेल्या स्टेप्स नाहीत, हालचाली मुलांनीच शोधायच्या) माझ्या गळ्यात पडलाय. मला स्वतःला नाचातलं ओ की ठो कळत नाही. पहिल्या तासाला गाणं लावलं आणि म्हटलं, हवं तसं नाचा. तर चार-पाच जणी व्हिडिओत बघितलेल्या स्टेप्स करायला लागल्या, बरेच जण भिंतीला चिकटून उभे आणि उरलेल्यांची पकडापकडी. काय चुकलं?

उत्तर : ‘हवं तसं’ एवढंच चुकलं बघा. मोठ्या माणसाच्या हातात कोरा कागद देऊन ‘काहीतरी लिही’ म्हटलं तर तोसुद्धा पेन चावत बसतो, मग आठ वर्षांच्या पोराचं काय. मोकळीक द्यायची म्हणून आपण सगळ्या अटी काढून टाकतो आणि मग मूल आधीपासून जे येतंय तेच बाहेर काढतं, म्हणजे एकतर पाठ केलेल्या स्टेप्स नाहीतर धावाधाव. उलटं करून बघा, अट एकदम नेमकी द्या. “कोपर पुढे जाणार, बाकी सगळं शरीर त्याच्या मागनं.” “जमिनीवरनं उभं राहायचंय, पण हात टेकायचे नाहीत आणि माझे आठ आकडे मोजून व्हायच्या आत पोचायचं नाही.” “खोलीच्या त्या टोकाला जा, पण सरळ रेषेत नाही आणि चेहरा सतत माझ्याकडे हवा.” अशा वेळी कुणी गंमत म्हणून सरपटतं, कुणी वाकडंतिकडं उलटं चालतं, आणि आपण नाचतोय हे मुलांच्या लक्षातही येत नाही, त्यामुळे लाजायचा प्रश्नच उरत नाही.

अशा अटी कुठनं आणायच्या तर त्यासाठी नाचाचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांची चौकट फार कामाची आहे. हे १९३८ मध्ये इंग्लंडला आले आणि १९४८ मध्ये शाळेतल्या नाचाबद्दल त्यांचं पुस्तक निघालं, तिथल्या शिक्षकांनी ते खूप वापरलं. हालचाल बघताना त्यांचे प्रश्न साधे असायचे, जोरकस का हलकी, झटकन का सावकाश, थेट का वळणावळणाने. तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे एकूण ८ प्रकार झाले. ठोसा मारणं म्हणजे जोरकस, झटकन, थेट. तरंगणं म्हणजे बरोब्बर उलटं, हलकं, सावकाश, भरकटत. मधे मग दाबणं, पिळणं, सपकन फटकारणं, टिचकीसारखं झटकणं, बोटाने टिपणं, अलगद सरकणं. (हाच माणूस दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली अभ्यासत होता, म्हणूनच की काय ही सगळी कामातली क्रियापदं वाटतात.) एका तासाला दोनच घ्या, पिळणं आणि झटकणं. आधी हाताने, मग खांद्याने, मग पाठीने, मग जमिनीवर पडून. बास, अर्धा तास कुठे गेला कळत नाही.

आणि कृपा करून ‘फुलपाखरू व्हा’ म्हणू नका. वर्गातले सगळेच्या सगळे दोन्ही हात फडफडवतात, संपला विषय. त्यापेक्षा विज्ञानाचा धडा घ्या. बर्फात कण जागच्या जागी दाटीने थरथरतात, पाण्यात एकमेकांवरून घसरतात, वाफेत लांब लांब सुटे उधळतात. मुलांना घट्ट घोळका करून थरथरू दे, हळूहळू सैल होऊ दे, मग पूर्ण खोलीभर पसरू दे आणि परत उलटं गोठू दे. यात सुरुवात, मध्य, शेवट आपोआप मिळतो. तेच दोनदा तीनदा करायला लावा, कारण पुन्हा तसंच करता आलं तरच तो नाच, नाहीतर नुसती धमाल (तीही वाईट नाही म्हणा).

तुम्हाला नाच येत नाही याचं टेन्शन सोडा. अमेरिकेत विद्यापीठात नाचाची पहिली पदवी १९२६ मध्ये विस्कॉन्सिनला सुरू झाली ती मार्गारेट एच’डब्लर यांच्यामुळे, आणि त्या मुळात जीवशास्त्र शिकलेल्या आणि मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाई होत्या. स्वतः करून दाखवणं त्या टाळायच्या. तुम्हीपण टाळा, तुम्ही एक हात वर केलात की सगळा वर्ग तोच हात वर करतो. दाखवायचं नाही, बोलायचं. आवाज हळू केला की मुलं हळू होतात, हे एकदा करून बघाच.

प्रश्न : एकमेकांवर आपटतात, पडतात, मुख्याध्यापक ओरडतात. हॉल मोठा नाहीये आमचा.

उत्तर : पहिले दोन तास फक्त थांबायला शिकवा. डफलीचा एक ठोका म्हणजे दगड, पापणीपण हलायची नाही. हा खेळ त्यांना प्रचंड आवडतो. मग हात पसरून गोल फिरा, कुणाला लागत नाही ती तुमची जागा, हे पक्कं करून घ्या आणि त्यानंतरच चालायला लावा. मोजे काढा, एकतर अनवाणी नाहीतर बूट, मोज्यांवर पाय सटकतो. जागा अगदीच कमी असेल तर अर्धे करतील, अर्धे बघतील. बघणाऱ्यांना ‘आवडलं का’ विचारायचं नाही, ‘कोण सगळ्यात खाली होतं, कोणाचा वेग मधेच बदलला’ असं विचारायचं, म्हणजे टवाळीपण बंद होते.

प्रश्न : आमच्या वर्गात एक मुलगी व्हीलचेअरवर आहे. तिला टाळ्या वाजवायला बसवलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. सूचना देताना ‘पाय’ आणि ‘उडी’ हे शब्द काढून टाका, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. “जमिनीवर एक मोठं वळण काढा” ही सूचना चाकांना जास्त छान जमते. वर-खाली जायचं तर नजर, मान, हात, पाठ आहेतच. आरशाचा खेळ घ्या, जोडीतला एक हलेल, दुसरा तसंच करेल, आणि आधी पुढाकार तिला द्या. खुर्चीला धक्का द्यायचा का नाही हे मात्र तीच ठरवेल, जोडीदार नाही, एवढं वर्गाला स्पष्ट सांगा.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. सहा महिने क्रिएटिव्ह डान्सला जातेय पण पाहुण्यांसमोर करून दाखव म्हटलं तर एकही आयटम येत नाही. सरळ शास्त्रीयला घालू का?

उत्तर : घाला की, तिला हवं असेल तर. दोन्ही एकदम चालतं. शास्त्रीय नृत्यात शतकांची घडण आहे, तिथे गुरू दाखवतात तसंच यायला हवं आणि त्या शिस्तीत मजाही आहे. पण इथे सहा महिन्यांत काय आलं ते ‘आयटम’ मागून कळणार नाही. तिला एखादं क्रियापद द्या, वितळणं समजा, आणि म्हणा तीन वेगवेगळ्या प्रकारे करून दाखव. दाखवलं तर फी वसूल.

प्रश्न : मार्क कशावर द्यायचे?

उत्तर : सुंदर दिसतं यावर देऊ नका, लवचीक मूल दर वेळी जिंकेल. स्वतः रचलेला छोटासा तुकडा मुलाला तसाच परत करता येतो का, ठोक्यावर थांबता येतं का, आणि ‘हे आता दुप्पट सावकाश कर’ म्हटल्यावर ते काय करतं, एवढं वहीत टिपून ठेवा. तेही एका तासाला पाच-सहाच मुलांचं, सगळ्या वर्गाचं लिहायला बसलात तर बघायचंच राहील.