क्रेटाच्या 205/65 आर16 टायरऐवजी काय बसेल? बेळगाव-गोव्याच्या जांबोटी-चोर्ला घाटरस्त्यावर नेहमी जाणं आहे.

रिम 16 इंचीच ठेवा, 215/65 आर16 घ्या (रुंदी 215 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 16 इंची). व्यास 673 वरून 686 मिमी होतो, म्हणजे जेमतेम 2 टक्के. स्पीडोमीटरमध्ये फारसा फरक नाही. 17 इंचीला 215/60 बसतो, पण टायरची भिंत 215/65 पेक्षा सुमारे सेंटीमीटरभर कमी होते. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत रिम वाकते ती तिथंच. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, 95 च्या खाली नको.

अलॉय चाकाचा पीसीडी (नटांची भोकं आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5x114.3 हवा, म्हणजे 5 भोकं, 114.3 मिमी; मधलं भोक 67.1 मिमी. बाजारातल्या अलॉयचं बहुधा 73.1 असतं, मग हब रिंग (मधल्या भोकातली फट भरणारी कडी) घालायलाच लावा, नाहीतर चाक नीट मध्यावर बसत नाही आणि 80-90 ला स्टेअरिंग थरथरतं. दुकानदार बॅलन्सिंगवर ढकलतो. नटाची बैठक, म्हणजे नट टेकतो त्या जागेचा आकार, अलॉयला जुळते का, तेही बघा.

खरी गोची ऑफसेटची, म्हणजे चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी सरकलेली आहे त्याची; रिमवर तो ईटी म्हणून लिहितात. रिमची रुंदी 6.5 वरून 7.5 इंच आणि ईटी 45 वरून 35 केला, तर चाक जवळपास 23 मिमी बाहेर येतं. चिखल दारावर, बेअरिंगवर जास्त ताण, आणि गाडी भरली की टायर फेंडरला घासतो. पैसे द्यायच्या आधी माणसं बसवून स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. 100 किमीनंतर नट परत आवळा. स्टेपनी जुन्याच मापाची राहिली तर पंक्चरच्या दुकानापर्यंतच, तेही हळू.