पिटलाइनचं टेंडर भरताय? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

गेल्या अंकात मी रेल्वेच्या मेंटेनन्स डेपोच्या कामांबद्दल, म्हणजे पिटलाइन, वॉशिंग लाइन, डब्यांच्या दुरुस्तीची शेड अशा कामांबद्दल थोडं लिहिलं होतं. पिटलाइन म्हणजे ज्या रुळाखाली लांबच्या लांब खड्डा असतो आणि माणसं खाली उतरून डब्याची चाकं, ब्रेक, पाण्याच्या टाक्या तपासतात ती लाइन. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक पीडब्ल्यूडी आणि झेडपीची कामं करणाऱ्या आणि आता रेल्वेत उतरू पाहणाऱ्या लोकांची. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय. आकडे रेल्वेच्या एप्रिल २०२२ च्या जीसीसीतले (ठेक्याच्या सर्वसाधारण अटींतले) आहेत, पण त्यावर करेक्शन स्लिपा, म्हणजे दुरुस्तीची पत्रकं, निघत असतात, म्हणून तुमच्या टेंडरला जी कॉपी जोडलीय तीच शेवटची धरा.

ताई नमस्कार, मी पीडब्ल्यूडीचा रजिस्टर्ड ठेकेदार आहे. शाळा, आरोग्य केंद्र, दोन मोठे पूल केलेत. रेल्वेचं एकही काम नाही. पिटलाइनचं टेंडर १८ कोटींचं आहे, मी भरू शकतो का? (एक वाचक, परभणी)

दादा, रेल्वेचं काम केलेलं नाही एवढ्यावरून कोणी बाहेर काढत नाही, आणि पीडब्ल्यूडीचा तुमचा क्लास कोणता हेही इथे बघत नाहीत. बघतात ते टेंडरमध्ये 'सिमिलर वर्क'ची (आधी केलेल्या तशाच कामाची) व्याख्या काय लिहिलीय ते. ती दोन-तीन ओळींची असते आणि अख्खं टेंडर तिच्यावर अडतं. कुठे 'आरसीसीचं कोणतंही सिव्हिल काम' असं मोकळं असतं, कुठे ट्रॅकचं काम किंवा स्टील स्ट्रक्चर हवंच असं असतं. तुमचे पूल पहिल्या व्याख्येत बसतील, दुसरीत नाही बसणार.

व्याख्येत बसलात की मग आकडे. गेल्या ७ वर्षांत पूर्ण केलेलं एक काम टेंडरच्या जाहीर किमतीच्या ६० टक्के, नाहीतर दोन कामं प्रत्येकी ४० टक्के, नाहीतर तीन कामं प्रत्येकी ३० टक्के. १८ कोटींना म्हणजे एक १० कोटी ८० लाखांचं, किंवा दोन ७ कोटी २० लाखांची, किंवा तीन ५ कोटी ४० लाखांची. छोटी छोटी दहा कामं जोडून बेरीज दाखवता येत नाही, इथे बरेच जण फसतात. टर्नओव्हरचा हिशोब वेगळा आहे. टेंडरची किंमत भागिले मुदतीची वर्षं, किंवा पूर्ण किंमत, यातला जो आकडा कमी तेवढी गेल्या तीन आर्थिक वर्षांची ठेकेदारीची सरासरी उलाढाल पाहिजे. मुदत दीड वर्ष असेल तर १२ कोटी झाले.

आणि सर्टिफिकेट. खाजगी माणसाने किंवा बिल्डरने दिलेलं चालत नाही. शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या मोठ्या कंपनीचं चालतं, पण तिची सरासरी उलाढाल ५०० कोटींच्या वर लागते, कंपनी किमान पाच वर्षं जुनी लागते आणि सोबत वर्क ऑर्डर, बिलांचा तपशील, टीडीएसचे कागद जोडावे लागतात. तुमची कामं सरकारी आहेत म्हणजे तो त्रास नाही, फक्त सर्टिफिकेटवर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि शेवटची रक्कम स्पष्ट आहे ना ते आजच काढून बघा. मी असं सर्टिफिकेट पाहिलंय ज्यावर 'काम समाधानकारक आहे' एवढंच लिहिलेलं, ना तारीख ना रक्कम, आणि तो माणूस खरंच चांगलं काम करणारा होता हो, बाहेर पडला.

आमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, मग ईएमडी (टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम) माफ ना? सप्लायच्या टेंडरला आम्हाला माफ होती. (एक भगिनी, नाशिक, मिस्टरांच्या फर्मचं ऑफिस बघतात)

नाही ताई, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. लघुउद्योगांसाठीचं ते खरेदी धोरण माल आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्याला ते लागू होत नाही. वर्क्स टेंडरमध्ये पूर्ण सूट मान्यताप्राप्त स्टार्टअपला आहे, मजूर सहकारी संस्थांना निम्मी आहे, बाकी सगळ्यांनी भरायची. हिशोब असा की एक कोटीपर्यंत २ टक्के, त्याच्यावर २ लाख अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का, आणि जास्तीत जास्त एक कोटी. परभणीच्या दादांच्या १८ कोटींना २ लाख अधिक साडेआठ लाख म्हणजे साडेदहा लाख. ऑनलाइन भरता येते, बँक गॅरंटीही चालते, पण गॅरंटी दिलीत तर नुसती स्कॅन करून आयआरईपीएसवर (रेल्वेच्या टेंडरच्या वेबसाइटवर) टाकून भागत नाही, मूळ कागद टेंडरमध्ये सांगितलेल्या माणसाकडे सांगितलेल्या मुदतीत नेऊन द्यायचा असतो. कुरिअरच्या भरवशावर राहू नका.

साइट व्हिजिटला जाऊन नक्की बघायचं काय? आम्ही गेलो, मोकळी जागा बघितली, फोटो काढले आणि आलो. (दोन मित्र, सोलापूर)

हा प्रश्न विचारलात त्याबद्दल खरंच बरं वाटलं, कारण रेट चुकतो तो इथेच चुकतो.

पहिलं, पाणी. एलएचबीचा (नव्या पद्धतीच्या गाडीचा) एक डबा साधारण २४ मीटर, २४ डब्यांची गाडी धरली की लाइन झाली जवळपास ६०० मीटर. त्या खड्ड्याच्या तळाला नाली असते आणि डबे धुतलेलं सगळं पाणी तिच्यातून जातं. आता समजा नालीला ५०० ला १ असा उतार दिलाय आणि पाणी एकाच टोकाला काढायचंय, तर ६०० मीटरमध्ये नाली १ मीटर २० सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे त्या टोकाला खोदाई तेवढी जास्त, आणि पुढे बाहेरचा नाला त्याच्याही खाली पाहिजे. तो नाला कुठाय, त्याचा तळ किती खोल आहे हे ड्रॉइंगमध्ये एका बाणाने दाखवलेलं असतं फक्त. मी पहिल्यांदा पिटलाइनचं टेंडर भरलं तेव्हा त्या बाणावर विश्वास ठेवला. काम मिळालं, खोदाई झाली आणि लेव्हल लावल्यावर कळलं की जुन्या नाल्याचा तळ आमच्या नालीच्या तळापेक्षा वीतभर वरच आहे. तो अख्खा पावसाळा आम्ही खड्ड्यात पंप लावून बसलो होतो, सकाळी सळया बांधायच्या आणि रात्री पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी त्याच सळया गुडघाभर गढूळ पाण्यात. पाणी उपसायचा आयटम बीओक्यूमध्ये (टेंडरमधल्या कामांच्या आणि मापांच्या यादीत) वेगळा नव्हता, खोदाईच्या रेटमध्येच धरलेला होता, हे मी नंतर वाचलं. तेव्हापासून डम्पी लेव्हल (जमिनीची उंच-सखल पातळी मोजायचं यंत्र) घेऊन गेल्याशिवाय मी साइट बघितली असं म्हणत नाही.

दुसरं, माती. सोलापूर काय किंवा मराठवाडा काय, वर काळी माती आहे. ती पावसात फुगते उन्हात भेगाळते, म्हणजे ती काढून मुरूम भरायचा आलाच. निघालेली माती रेल्वेच्या हद्दीत टाकू देणार की बाहेर न्यायची, न्यायची तर लीड (वाहतुकीचं अंतर) किती, आणि टिपर आत शिरणार कुठल्या गेटने. डेपोच्या आवारात बहुतेक वेळा एकच रस्ता असतो आणि तो चालू रुळांच्या अलीकडे संपतो. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी रुळ ओलांडून पलीकडे जात नाही. मग काँक्रीट पलीकडे कसं नेणार हे तुमच्या रेटमध्ये आहे का? नसेल तर तो खर्च तुमच्या खिशातून जाणार.

तिसरं, बाजूची लाइन. शेजारून गाड्या चालू असतील किंवा डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असेल तर क्रेन, पोकलेनचा बूम, लांब सळया कधीही कुठेही हलवता येत नाहीत. ट्रॅफिक ब्लॉक (गाड्या थांबवलेला वेळ), पॉवर ब्लॉक (तारेतली वीज बंद ठेवलेला वेळ) मिळेल तेव्हाच ते काम. ब्लॉक रात्रीचे दोन-तीन तास मिळाला तर मशीन मात्र चोवीस तास भाड्याने उभं. म्हणून डेपोतल्या सुपरवायझरला, सिव्हिलच्या जेई किंवा एसएसई इंजिनीअरला (जुने लोक अजून आयओडब्ल्यू म्हणतात) एवढंच विचारा की इथे ब्लॉक सहसा किती मिळतो. चहा घेत घेत मिळालेलं हे उत्तर ड्रॉइंगच्या दहा शीटांपेक्षा कामाचं असतं.

अजून एक, हे सिव्हिलवाल्यांना पटकन लक्षात येत नाही. पिटलाइनवर रूळ खडीवर नसतो, काँक्रीटच्या खांबांवर बोल्टने बसवलेला असतो आणि दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर लागतंच. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरच्या धक्क्याने बोल्ट जरा सरकला की बेसप्लेट (रुळाखालची लोखंडी पाटी) बसत नाही, मग ड्रिल मारा, केमिकल ग्राउट करा, आणि इंजिनीअरचा विश्वास गेला तो वेगळाच. बोल्ट जागेवर धरून ठेवायला लोखंडी टेम्प्लेट बनवून घ्या आणि त्याचा खर्च धरूनच रेट टाका.

बीओक्यूमध्ये शेडच्या पत्र्याची जाडी आणि ड्रॉइंगमधली जाडी वेगवेगळी आहे. ऑफिसला फोन केला, साहेब म्हणाले ड्रॉइंगप्रमाणे धरा. तसं धरू ना? (एक वाचक, अकोला)

फोनवरच्या शब्दावर रेट टाकू नका. साहेब खोटं बोलले असं मी म्हणत नाहीये, पण उद्या त्यांची बदली झाली की तो शब्द कुणाचाच नाही. टेंडरमध्ये बदल होतो तो करिजेंडम (लेखी दुरुस्तीपत्रक) निघाला तरच. प्री-बिड मीटिंग ठेवली असेल तर तिथे, नाहीतर ईमेलने, पान नंबर, आयटम नंबर आणि दोन्ही जाड्या लिहून एका वाक्यात विचारा की यातलं कोणतं धरायचं. 'खुलासा व्हावा' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. आणि टेंडर सबमिट करायच्या आदल्या दिवशी आयआरईपीएसवर करिजेंडम परत एकदा बघा, किंमत, तारीख, सिमिलर वर्कची व्याख्या सुद्धा त्यात बदललेली मी पाहिलीय.

माझं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, शेडचं स्टील मी करू शकतो पण सिव्हिल नाही. जेव्ही (भागीदारीत टेंडर) करू की मोठ्या ठेकेदाराकडून सबलेट (पोटठेका) घेऊ? (एक वाचक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

जेव्ही १० कोटींच्या वरच्या टेंडरलाच चालते आणि मुख्य भागीदाराचा वाटा किमान ५१ टक्के लागतो. जेव्हीत तुम्ही सगळ्या कामाला जबाबदार होता, सिव्हिलवाल्याने काम सोडलं तरी रेल्वे तुम्हालाही धरते, तेव्हा नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नका. पहिल्याच कामाला मी तरी सबलेट घ्या म्हणेन, पण रेल्वेची लेखी मंजुरी घेऊनच. नुसत्या तोंडी बोलीवर काम केलंत तर पैसे मिळतील कदाचित, अनुभव मात्र कागदावर कुठेच येणार नाही, आणि तीन वर्षांनी स्वतःचं टेंडर भरताना तोच हवा असतो.

एलओए (काम दिल्याचं पत्र) आलं! पण बँक परफॉर्मन्स गॅरंटीला (काम पूर्ण करण्याच्या हमीला) वेळ लावतेय. किती दिवस आहेत? (एक वाचक, जळगाव)

अभिनंदन! एलओए निघाल्यापासून २१ दिवस. त्यापुढे ६० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते पण २२व्या दिवसापासून वर्षाला १२ टक्के दंडव्याज लागतं. गॅरंटी ठेक्याच्या ५ टक्के असते, म्हणजे १८ कोटींच्या कामाला ९० लाख आणि व्याज दिवसाला जवळपास तीन हजार रुपये. साठ दिवसही गेले तर ठेका रद्द आणि ईएमडी जप्त. बँक मॅनेजरला रोज फोन करण्यापेक्षा एकदा जाऊन त्याला कोणता कागद कमी पडतोय ते लिहून घ्या, बहुतेक वेळा अडतं ते मार्जिन मनीवर किंवा भागीदाराच्या एका सहीवर. पुढच्या वेळी टेंडर भरतानाच बँकेशी हे बोलून ठेवा.

काम चालू आहे, पण जागा अर्धीच दिली आणि ब्लॉकही मिळत नाहीत. मुदत संपत आली. दंड आम्हालाच लागणार का? (एक वाचक, नांदेड)

हे टेंडर भरण्याआधीचं नाही, पण ज्यांना भरायचंय त्यांनीही वाचा. मुदतवाढ दोन प्रकारची असते. उशीर रेल्वेमुळे किंवा कुणाच्याच हातात नसलेल्या कारणाने झाला तर जीसीसीच्या कलम १७-ए खाली, तुमच्यामुळे झाला तर १७-बी. १७-बी लागली की दंड आलाच, शिवाय सिमेंट-स्टीलचे भाव वाढले तरी त्या वाढीव मुदतीतला पूर्ण भावफरक मिळत नाही. कुठली लागणार ते ठरतं कागदावर. जागा कोणत्या तारखेला किती मीटर मिळाली, ब्लॉक कधी मागितला कधी नाकारला, हे हिंड्रन्स रजिस्टरमध्ये (अडथळ्यांच्या नोंदवहीत) त्याच दिवशी लिहून साइटवरच्या इंजिनीअरची सही घ्यायची. सही देत नसतील तर त्याच दिवशी पत्र द्या आणि पोच घ्या. भांडायची गरज नाही, पत्राची भाषा साधी ठेवा, अमुक तारखेला अमुक चेनेजला (लाइनवरच्या अंतराच्या खुणेला) काम बंद होतं, कारण हे, बस.

तुमच्याकडे रजिस्टर नसेल तर आज रात्री बसा, मजुरांची हजेरी, डिझेलची बिलं, व्हॉट्सअॅपवर पाठवलेले साइटचे फोटो सगळं तारखेनिशी लावा आणि मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्या. मुदत संपल्यावर दिलेल्या अर्जाला फार कमी किंमत असते. कागद लावून झाले की मला परत लिहा, पुढच्या अंकात जागा कमी असली तरी तुमचं आधी घेईन.