दात पिवळे का झालेत ते आधी बघू, मग पांढरे करू

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या इनबॉक्समध्ये लग्नसराई सुरू होते. मुंज, साखरपुडा, लग्न, सगळ्यांनाच फोटोत दात चमकायला हवे असतात. यावेळी आलेले बरेचसे प्रश्न पांढऱ्या दातांचेच होते, म्हणून अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं.

प्रश्न: ताई, माझं लग्न जानेवारीच्या शेवटी आहे. दात किडलेले नाहीत पण पिवळट आहेत, ऑफिसमध्ये दिवसभर कॉफी चालू असते. घराजवळच्या पार्लरमध्ये ब्रायडल पॅकेजसोबत लेझर व्हायटनिंग देतायत, एका तासात आठ शेड म्हणतात. मैत्रीण म्हणते डेंटिस्टकडून घरी घालायचे ट्रे घे, आणि इन्स्टावर तर रोज स्ट्रिप्सची जाहिरात येते. नक्की काय करू? बजेट बेताचं आहे.
– होणारी नवरी, सिंहगड रोड

उत्तर: अगं अभिनंदन! आणि पार्लरचं उत्तर आधी देऊन टाकते: नको. मेंदी, फेशियल, केस सगळं तिथे कर, दात नको. आपल्याकडे 1948 मध्ये डेंटिस्ट्स अॅक्ट आला, तेव्हापासून दातांवर उपचार करायला रजिस्टर्ड डेंटिस्टच लागतो, आणि हा नुसता कागदी नियम नाही. तुला वाटतंय दात किडलेले नाहीत, पण दोन दाढांच्या मधे लपलेली कीड किंवा दाताला गेलेली बारीक चीर आरशात दिसत नाही, पार्लरवालीलाही दिसत नाही, आणि तिथून जेल आत शिरलं तर हळदीच्या दिवशी तू गाल धरून बसशील.

आता पिवळेपणाचं बघू. तो दोन ठिकाणी असतो. एक वरचा, म्हणजे चहा-कॉफी-तंबाखूचे डाग आणि त्याखाली साठलेलं टार्टर, म्हणजे दातावर साठून दगडासारखा घट्ट झालेला थर. दुसरा आतला, कारण दाताचं वरचं इनॅमल थोडं पारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर असतं, वय वाढतं तसं इनॅमल झिजतं आणि डेंटिन जास्त दिसायला लागतं. वरचा पिवळेपणा साध्या क्लिनिंगनं, म्हणजे स्केलिंगनं जातो, त्याला व्हायटनिंग लागतच नाही. म्हणून आधी तपासणी आणि स्केलिंग कर, मग आठवडाभरानं खिडकीजवळ उजेडात आरसा धर. बऱ्याच जणी इथेच थांबतात आणि पैसे दागिन्यात घालतात. स्केलिंगनं दात हलतात, फटी पडतात असं तुझी आजी नक्की सांगेल. तसं नसतं, फटीत बसलेला टार्टरचा थर निघाला की आधीपासूनची फट उघडी दिसते एवढंच.

स्केलिंगनंतरही समाधान झालं नाही तर मग ब्लीचिंग, म्हणजे पेरॉक्साइडच्या जेलनं दाताचा आतला रंग फिका करणं. क्लिनिकमध्ये करतात त्यात साधारण 35 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, हिरड्यांवर आधी एक रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, थर लावून तो लाइटनं घट्ट करतात आणि मगच जेल, कारण एवढ्या स्ट्राँग जेलचा थेंब हिरडीवर पडला तर ती पांढरीफटक होते आणि झोंबते. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत जाऊन रंगाचे कण फोडतं, दात खरवडत नाही. आणि तो निळा दिवा, ज्याला सगळे लेझर म्हणतात, त्यानं टिकाऊ असा जास्तीचा फरक पडतो असं काही अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. तासभर तोंड उघडं ठेवून दात कोरडे पडतात, कोरडा दात जास्त पांढरा दिसतो, तू खुश होऊन सेल्फी काढतेस आणि दोन दिवसांत रंग थोडा मागे येतो. आठ शेडचं गणितही ऐक. दाताचा रंग जुळवून बघायच्या नेहमीच्या शेड गाइडमध्ये 16 पट्ट्या असतात, सुरुवातीला जरा गडद पट्टी दाताला लावून 'तुमचा हा' म्हटलं की शेवटी आठ शेड उतरल्याचं दाखवायला काय लागतं! म्हणून कुठेही कर, पण आधी लिपस्टिक पुसून, दिवसाच्या उजेडात, पट्टी दाताशेजारी धरून एक फोटो काढून ठेव आणि नंतरचाही तसाच काढ.

माझं मत विचारशील तर तुझ्या हातात दोन महिने आहेत, त्यामुळे मैत्रिणीचं ऐक. ही घरगुती ट्रेची पद्धत 1989 मध्ये अमेरिकेतल्या दोन डेंटिस्टनी शास्त्रीय लेखात मांडली आणि ती अजून टिकून आहे, जाहिरात कमी होते कारण त्यात दिवा नाही. डेंटिस्ट तुझ्या दातांचं माप घेतात, पातळ पारदर्शक ट्रे बनवतात आणि 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची सिरिंज देतात. ऐकायला 10 टक्के असलं तरी त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण साडेतीन टक्केच निघतं, हळूहळू, म्हणून रात्रभर घालून झोपता येतं. प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला ट्रेमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो, ट्रे बसवला की हिरडीवर आलेलं जेल कापसानं पुसायचं. बहुतेक सगळ्याजणी पहिल्या रात्री हौसेनं ट्रे भरभरून घालतात आणि सकाळी हिरड्या झोंबतात म्हणून फोन करतात! दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो, आणि क्लिनिकमधल्या पद्धतीपेक्षा हे सहसा स्वस्तही पडतं.

दात शिवशिवले, गार पाण्यानं कळ गेली, तर घाबरू नकोस, हे सगळ्यात कॉमन आहे आणि थांबवलं की जातं. एक-दोन रात्री सुट्टी घे, पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्ह पेस्ट वापर. एकाच दातात ठणका लागला तर मात्र ट्रे बंद आणि डेंटिस्टकडे.

इन्स्टावरच्या स्ट्रिप्सचं म्हणशील तर पेरॉक्साइडवाल्या स्ट्रिप्स काम करतात, पण पाकिटावर टक्केवारीच लिहिलेली नसेल तर हातही लावू नकोस. युरोपात 2012 पासून 0.1 टक्क्याच्या वरचं पेरॉक्साइड ग्राहकाला थेट विकताच येत नाही, 6 टक्क्यांपर्यंतचं फक्त डेंटिस्टमार्फत मिळतं. आपल्याकडे कुरिअरवाला दारात आणून देतो.

लग्नाच्या निदान दोन आठवडे आधी सगळं संपव, म्हणजे रंग स्थिरावतो. पुढच्या दातात जुनी फिलिंग असेल तर तिचा रंग बदलणार नाही, ती बदलायची तर ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबूनच, कारण ताज्या ब्लीच केलेल्या दाताला फिलिंग नीट चिकटत नाही. केळवणांचं काय, हळद चालेल का, हे तू विचारणारच. रोजच्या जेवणातल्या हळदीनं फार बिघडत नाही, ट्रे काढल्याकाढल्या कॉफीचा मग तोंडाला लावू नकोस एवढंच, मामीच्या हातची आमटी खुशाल खा. आणि फुकटचा एक सल्ला, केशरी झाकेपेक्षा निळसर झाकेची लाल लिपस्टिक घे, त्यात दात आपोआप पांढरे दिसतात.

प्रश्न: मी दिवसाला सात-आठ अमृततुल्य घेतो, सोडणार नाही. लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून घासतो, मस्त फेस येतो. मुलानं आता कोळशाची काळी पेस्ट आणलीय. कुठलं चांगलं?
– चहाबाज, सदाशिव पेठ

उत्तर: काका, दोन्ही नाही. चहा सोडा असं सदाशिव पेठेत सांगायची माझी हिंमत नाही, पण लिंबू सोडाच. तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचाच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. त्यावर लगेच ब्रश म्हणजे मऊ पडलेलं इनॅमल खरवडणं. पहिले काही दिवस दात चकचकीत दिसतात हे खरं, पण इनॅमल गेलं की आतलं पिवळं डेंटिन वर येतं, म्हणजे पांढरे करता करता कायमचे पिवळे. इनॅमल पुन्हा उगवत नाही. नुसता खायचा सोडा त्यामानानं सौम्य असतो, पण त्यात फ्लोराइड नसतं, म्हणून रोजच्या पेस्टच्या जागी तो नको.

कोळशाबद्दल 2017 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात तो सुरक्षित आहे किंवा दात पांढरे करतो असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. शिवाय भुकटी खरखरीत असली तर दात घासले जातात, आणि जुन्या फिलिंगच्या कडेला काळी रेघ बसते ती वेगळीच. राखुंडीनं आमचे आजोबा नव्वदीपर्यंत दात राखून होते, असं पुढच्या पत्रात लिहू नका, आजोबा साखरही तेवढी खात नव्हते. चहानंतर पाण्याची एक चूळ भरा, रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं मऊ ब्रश, आणि वर्षातून एकदा-दोनदा स्केलिंग. चहाच्या डागांना एवढं बास.

प्रश्न: सासूबाई साठीच्या आहेत, लहानपणापासून मिश्री लावतात. दात तपकिरी-काळे झालेत. नातवाच्या लग्नात हसायला लाजतात म्हणून व्हायटनिंग करून द्यायचा विचार आहे. त्या म्हणतात मिश्रीनं दात घट्ट राहतात.
– सून, मांजरी

उत्तर: किती छान विचार केलात. पण व्हायटनिंगची अपॉइंटमेंट आत्ता घेऊ नका, तोंडाच्या तपासणीची घ्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि ती जिथे रोज लावतात तिथली हिरडी आणि गालाची आतली बाजू हे आम्ही दाताच्या रंगाआधी बघतो. घरी उजेडात बसवून त्यांचा ओठ खाली ओढून बघा: पांढरा चट्टा जो पुसून जात नाही, लाल मखमली डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागलं की आग, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असलं तर त्याच आठवड्यात दाखवा. कॅन्सरच असेल असं नाही, पण तो असला तर लवकर सापडणं फार मोलाचं असतं.

घट्ट राहण्याचं म्हणाल तर मिश्रीनं बधिरपणा येतो, दुखणं कळत नाही, आणि तेवढ्यात हिरडी खाली सरकत जाते. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनावर केंद्र सरकारनं 1992 मध्येच बंदी घातलीय, तरी घरी तव्यावर भाजून मिश्री चालूच आहे. एकदम सुटणार नाही, रागावू नका. तोंड निरोगी निघालं तर स्केलिंग आणि पॉलिशिंगनंच त्यांचे दात इतके उजळतील की वेगळं काही करावं लागणार नाही. मिश्री चालू असताना ब्लीचिंग करणं म्हणजे पैसे वाया, आणि झोंबणाऱ्या हिरड्यांवर पेरॉक्साइड मी तरी लावणार नाही. खर्चाची अडचण असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातलं आझम कॅम्पस, इथल्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत चौकशी करा. कॉलेजात खर्च सहसा कमी येतो, वेळ मात्र हातात ठेवून जा.

प्रश्न: माझं बालपण बीड जिल्ह्यात गेलं, बोअरचं पाणी. दातांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी पट्टे आहेत. पुण्यात दोन ठिकाणी विचारलं, एकानं ब्लीच म्हटलं, एकानं सहा व्हिनियर. एका दाताला कॅप पण आहे.
– आयटीवाला, वाकड

उत्तर: हा फ्लोरोसिस, म्हणजे लहानपणी पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेल्यानं पडलेले डाग, आहे असं वर्णनावरून वाटतं, प्रत्यक्ष बघून खात्री करून घ्या. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीड, असं भारतीय मानक सांगतं, आणि मराठवाड्यातल्या काही बोअरना ते त्याहून जास्त असतं. आठ वर्षांपर्यंत पुढचे दात हिरडीत तयार होत असतात, डाग तेव्हाच आत पडतात, म्हणून घासून जात नाहीत. तुमचा काहीच दोष नाही, ब्रश न करण्याशी याचा संबंध नाही.

नुसतं ब्लीच केलं तर सुरुवातीला पांढरे पट्टे अजून उठून दिसतात, हे आधी माहीत असलेलं बरं. मी कमीत कमी दात घालवणाऱ्या उपायापासून सुरू करीन. तपकिरी डागांना मायक्रोअॅब्रेजन, म्हणजे अॅसिड आणि प्युमिस दगडाच्या भुकटीनं वरचा अगदी पातळ थर उतरवणं, मग ट्रेनं ब्लीचिंग, आणि उरलेल्या पांढऱ्या डागांत रेझिन मुरवणं. व्हिनियर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायची पातळ कवचं, वाईट नाहीत, पण त्यासाठी बहुतेकदा इनॅमल घासावं लागतं आणि ते काही वर्षांनी बदलावे लागतात, तिशीत घातलेत तर पुढचा हिशोब तुम्हीच करा. कॅपवर ब्लीचचा काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे आधी बाकीचे दात, रंग स्थिरावला की शेवटी त्या रंगाची नवी कॅप. हा क्रम उलटा करणाऱ्याकडे जाऊ नका.

प्रश्न: मुलगी नववीत आहे. दात पिवळे म्हणून चिडवतात, व्हायटनिंग हवंय म्हणते. चालेल का?
– बाबा, बिबवेवाडी

उत्तर: अठरापर्यंत थांबा. कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा मुळातच पिवळसर असतात आणि या वयात दाताची नस मोठी असल्यानं शिवशिव जास्त होते. ब्रेसेस चालू असतील तर अजिबातच नको, ब्रॅकेटखालचा भाग तसाच राहतो आणि नंतर चौकोन दिसतात. सध्या स्केलिंग करून घ्या. ती क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश महिनोन्महिने वापरत असेल तर त्यानंही तपकिरी डाग पडतात, डेंटिस्टना विचारून बंद करा. आणि सगळे दात ठीक असून एकच दात करडा दिसत असेल तर कधी सायकलवरून पडली होती का, तोंडावर काही लागलं होतं का विचारा, कारण त्या दाताची नस मेलेली असू शकते, त्याचा एक्स-रे काढायला अठरा वर्षांची वाट बघायची नाही.