जुन्या डिस्कवरचा डेटा न घालवता मिरर

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर उबंटू आहे. सिस्टीम छोट्या एसएसडीवर आहे. पट्ट्या, बिलं, खतावणी 2 टीबीच्या वेगळ्या डिस्कवर. तेवढीच दुसरी डिस्क आणली आहे. आहे तो डेटा राखून दोन्हींचा मिरर (म्हणजे दोन्हींवर कायम तोच डेटा) होईल का?

उत्तर : होईल, पण दोन्ही डिस्क एकदम जोडायच्या नाहीत. आधी एकट्या नव्या डिस्कवर अर्धा मिरर उभा करायचा.

एमडीअ‍ॅडम हे मिरर बनवणारं सॉफ्टवेअर टाकून घ्या. एलएसबीएलके कमांडने सिरियल नंबर काढा, डिस्कच्या लेबलशी ताडा आणि कागदावर लिहून ठेवा. एसडीबी, एसडीसी ही सिस्टीमने डिस्कना दिलेली नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. भलतीच डिस्क पुसली जाते ती इथेच. नव्या डिस्कवर जीपीटी पार्टिशन करताना शेवटी 100 एमबी मोकळी सोडा. पुढे बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आली आणि किंचित लहान निघाली, तर मिरर ती घेतच नाही.

क्रिएट कमांडला लेव्हल 1 (म्हणजे मिरर), डिस्क 2 सांगा आणि जुन्या डिस्कच्या जागी नुसता ‘मिसिंग’ शब्द द्या. तयार झालेला एमडी0 (हे मिररचं सिस्टीममधलं नाव) ईएक्सटी4 मध्ये फॉरमॅट करा. हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद ठेवून आरसिंक या कॉपीच्या कमांडने जुन्या डिस्कवरचा डेटा आणा. मग तीच कमांड चेकसम (फाईलमधला मजकूर ताडणं) लावून ड्राय रनमध्ये (कॉपी न करता नुसती यादी) चालवा. यादीत एकही फाईल येता कामा नये. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची फाईल) एमडी0 चा यूयूआयडी (कायमचा ओळख क्रमांक) लिहा, सोबत ‘नोफेल’, म्हणजे मिरर मिळाला नाही तरी कॉम्प्युटर सुरू होतो. आठवडाभर त्यावरच काम करा, जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा.

खरा धोका यापुढे. जुनी डिस्क मिररमध्ये घेतली की ती पुसली जाते आणि सिंक संपेपर्यंत सगळा डेटा एकट्या नव्या डिस्कवर असतो. म्हणून नव्या डिस्कची स्मार्टची (डिस्कची स्वतःची तपासणी) लाँग टेस्ट आधी उरका, शिवाय एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. नंतर जुनीवर वाइपएफएस (जुन्या खुणा पुसणारी कमांड), तेवढंच पार्टिशन, आणि अ‍ॅड. सेकंदाला 150 एमबीचा वेग धरला तर पावणेचार तास. डिस्कच्या शेवटाकडे वेग मंदावतो, म्हणून पाच धरा. एमडीस्टॅटमध्ये (मिररची स्थिती दाखवणारी फाईल) ‘_यू’ चं ‘यूयू’ दिसलं की काम झालं.

डीटेल-स्कॅनचा निकाल एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ फाईलमध्ये घालून इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी वाचली जाणारी फाईल) अपडेट करा. हे राहिलं तर रीस्टार्टनंतर एमडी0 चा एमडी127 होऊन बसतो.

ती बाहेरची डिस्क मोडीत काढू नका. चुकून उडवलेली खतावणी मिररमधल्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडते. आणि 2019, 2021 सारखं कृष्णेचं पाणी चढलं तर एका कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क एकदमच भिजतात. दर शनिवारी प्रत काढून डिस्क घरी, वरच्या मजल्यावर न्या.

प्रश्न : मिररमधली एकच डिस्क अधूनमधून बाहेर पडते. स्मार्टमध्ये खराब सेक्टर शून्य. डिस्क बदलू का? (कराड)

उत्तर : आधी साटा केबल बदला. स्मार्टमध्ये यूडीएमए सीआरसी एररचा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा आज टिपून ठेवा. तो कधी कमी होत नाही, पण केबल बदलल्यावरही वाढत राहिला तर बोर्डावरचा पोर्ट बदलून बघा. आकडा स्थिर आणि डिस्क तरी पडते, तर पॉवरचा स्प्लिटर काढून एसएमपीएसमधून थेट वायर द्या. डिस्क परत घेताना री-अ‍ॅड वापरा. बिटमॅप (बदललेल्या भागांची नोंद) असेल तर बदललेला भागच कॉपी होतो, सगळे तास पुन्हा जात नाहीत.