ड्रायव्हरलेस टॅक्सी: चालकविरहित, स्वयंचलित की बिनचालकी?

प्रश्न असा आहे की 'ड्रायव्हरलेस टॅक्सी'ला मराठीत स्वयंचलित म्हणायचं का चालकविरहित, आणि बिनचालकी म्हटलं तर चालेल का.

स्वयंचलित मी आधीच बाद करतो. स्वयंचलित जिना असते, दरवाजा असते, ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीलाही लोक तेच म्हणतात आणि तिथं तर माणूस स्टिअरिंग धरूनच बसला राहते ना बाप्पा. चालकविरहित पेपरात दिसते, दिल्ली मेट्रोच्या मॅजेन्टा लाइनवर 2020 पासून धावणाऱ्या गाडीला शोभतेही, पण मला त्यात 'विरह'च ऐकू येते, टॅक्सी बिचारी ड्रायव्हरच्या आठवणीत झुरून राहिली जशी. (रहित, विरहित दोन्ही एकाच घरचे, चूक काही नाही.) बिनचालकी बिनतारी-बिनपगारीच्या चालीवर जाते, जिभेवर पण बसते.

पण खरी गोची 'चालक' या शब्दातच आहे भाऊ. अमेरिकेत अशा टॅक्सी चालवणारी वेमो कंपनी आपल्या यंत्रणेलाच 'वेमो ड्रायव्हर' म्हणते, म्हणजे चालक आहेच, फक्त तो माणूस नाही. आपल्याकडे टॅक्सीवाल्यांची जोडी चालक-मालक, तिथं दोन्ही कंपनीच. आणि हिशेबातून माणूस जातो का, तर नाही, गाडी कुठं अडली तर लांबून सल्ला देणारा लागतो, धुणारा लागतो, चार्जिंगला लावणारा लागतो, वरून लायडार (लेझरनं अंतर मोजणारं यंत्र), कॅमेरे, नकाशे यांचा खर्च. जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) क्रूझ या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीनं 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला फरफटत नेलं, परवाना गेला, आणि 2024 च्या शेवटी जीएमनं रोबोटॅक्सीला पैसा देणंच बंद केलं. तिकडं ड्रायव्हर महाग म्हणून हा खटाटोप परवडू शकते, आपल्याकडं ड्रायव्हरच त्या मशिनीपेक्षा स्वस्त, मग वाचवायचं काय? गडकरींनी तर डिसेंबर 2023 मध्ये इथंच, आयआयएम नागपूरच्या कार्यक्रमात, ड्रायव्हरांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊच देणार नाही असं सांगितलं. आणि येऊ दिल्या तरी नागपुरातल्या इतवारीच्या गल्लीत समोरून राँग साइड ई-रिक्षा आल्यावर मागं कोणी घ्यायचं हे लायडारला कसं कळणार, तिथं नुसत्या नजरेनंच ठरते.

म्हणून माझं मत 'बिनमाणसाची टॅक्सी'ला. छापायला लांब वाटते म्हणत असाल तर बिनचालकी घ्या, रोबोटॅक्सीलाही माझी ना नाही, पण स्वयंचलित नका लिहू राजेहो.